वाघ-बकरीच्या पटाचा इतिहास कोणी लिहावा?

आपल्याकडे बैठ्या खेळांचा इतिहास म्हणून जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी बुद्धिबळाचा, सोंगट्यांचा आणि गंजिफांचा इतिहास आहे. या तिन्ही खेळांना राजवाड्याचा आश्रय होता. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त चौपड आणि गंजिफा यांची सविस्तर माहिती दिली, कारण बादशहा ते खेळत असे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक १८१४ साली मुंबईत संस्कृतातून इंग्रजीत छापले गेले. मराठी छापखान्याचे युग अजून नीट उजाडायचे होते, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे बुद्धिबळाला राजा मिळाला, पंडित मिळाला, छापखाना मिळाला आणि पुढे इतिहासकारही मिळाला. वाघ-बकरीला यांपैकी काहीच मिळाले नाही. कोळशाने फरशीवर किंवा काडीने धुळीत चार रेषा ओढायच्या, चार मोठे खडे वाघ म्हणून ठेवायचे, चिंचोके किंवा खापराचे तुकडे बकऱ्या म्हणून घ्यायचे. खेळ संपला की पायाने रेषा पुसायच्या. असा खेळ पुराणवस्तुसंग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. त्यामुळे अभ्यासक त्याला 'लोकखेळ' म्हणतात, एक ओळ लिहितात आणि पुढे जातात.

मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय निवडायला सांगितले की कोणीतरी 'भारतीय खेळ' हा विषय घेतो आणि ग्रंथालयात जे सापडेल ते उतरवून आणतो. त्यात चतुरंग असते, द्यूत असते, युधिष्ठिर असतो, फत्तेपूर सिक्रीच्या अंगणातला पट असतो. त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आईला, आजीला, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना जो खेळ येतो तो त्यात नसतो. विचारले तर तो म्हणतो, "सर, त्याला कुठं इतिहास आहे?" या प्रश्नामुळे मी हा लेख लिहीत आहे. ज्यांची मुले पहिल्यांदाच महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडतात त्या समाजात हा प्रश्न फक्त खेळाविषयी विचारला जात नाही. आपल्या घरात जे आहे ते ज्ञान नव्हे, आणि पुस्तकात जे आहे ते आपल्या घरचे नव्हे, हे मुलाने शाळेत पाऊल टाकल्यापासून गृहीत धरलेले असते.

आधी खेळ काय आहे ते सांगतो, कारण शहरात वाढलेल्या अनेक वाचकांनी तो केवळ नावाने ऐकला असेल. पाच उभ्या आणि पाच आडव्या रेषा. त्या जिथे एकमेकींना छेदतात ते घर. अशी पंचवीस घरे. एक घर सोडून दुसऱ्या घरातून तिरप्या रेषाही जातात, त्यामुळे घरांची योग्यता सारखी राहत नाही. अगदी मधल्या घराला आठ वाटा फुटतात, कोपऱ्यातल्या घराला तीनच. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. वीस बकऱ्या सुरुवातीला पटाबाहेर, खेळणाऱ्याच्या मुठीत असतात. बकऱ्यावाला एका वेळी एक बकरी रिकाम्या घरात ठेवतो, वाघवाला एक वाघ एक घर सरकवतो. शेजारच्या घरात बकरी असेल आणि तिच्या पलीकडचे, त्याच रेषेतले घर रिकामे असेल, तर वाघ उडी मारून बकरी खातो. बकरी उडी मारू शकत नाही, कोणाला खाऊही शकत नाही. इतकेच नव्हे, विसाच्या वीस बकऱ्या पटावर येईपर्यंत ठेवलेली एकही बकरी जागची हलवता येत नाही. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला, असा सर्वसाधारण प्रघात. बकऱ्यांनी जिंकायचे ते एकाच प्रकारे: चारही वाघांची वाट अशी बंद करायची की त्यांना एक पाऊल टाकता येऊ नये.

नेपाळात याच पटाला बाघचाल म्हणतात. दक्षिणेत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा खेळ चालतो; तमिळमध्ये आडु-पुलि-आट्टम्, तेलुगूत पुलि-मेक. माझे आजोळ तेलंगणाच्या सीमेलगतचे, तिथे त्रिकोणी पट आखीत. वडिलांच्या गावी चौकोनी. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिला चौकोनी पट येत नव्हता आणि तिच्या सासूला त्रिकोणी ठाऊक नव्हता, म्हणून दोघींनी दुपारच्या वेळी एकमेकींना शिकवला असे ती सांगते. पट कसे पसरतात, कोणाच्या पायांनी प्रवास करतात, याचा शोध घेणाऱ्याने सैन्याच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांबरोबर सासर-माहेरची वाटही धरली पाहिजे.

खेळ हा लिखाणात का येतो, या प्रश्नापासून आपण सुरुवात केली पाहिजे. भारतीय प्राचीन साहित्य पाहिले तर मला तीन दारे दिसतात. एक, कोणीतरी त्या खेळाला मनाई केली म्हणून. दोन, राजसत्तेला त्यातून उत्पन्न मिळते म्हणून. तीन, राजा स्वतः तो खेळतो म्हणून.

पहिल्या दाराविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिथे आपल्या जवळचा ग्रंथ उभा आहे. दीघनिकायातील पहिले सुत्त ब्रह्मजाल. त्यात काही श्रमण-ब्राह्मण ज्या खेळांत रमतात आणि तथागत ज्यांपासून दूर राहतो अशा खेळांची यादी आहे. अट्ठपद, म्हणजे आठ-आठ घरांचा पट. दसपद, म्हणजे दहा-दहा घरांचा. आकास, म्हणजे समोर पट नसताना मनातल्या मनात खेळायचा प्रकार. परिहारपथ, म्हणजे जमिनीवर आखलेल्या रेषांमधून वळणे घेत जाण्याचा खेळ. सन्तिक, म्हणजे ढीग न हलवता एकेक खडा नखाने काढायचा. पुढे लहान मुलांची खेळणीही आहेत: वङ्कक हा खेळण्यातला नांगर, रथक ही गाडी, धनुक हे धनुष्य. अक्खरिक नावाच्या खेळात हवेत किंवा पाठीवर लिहिलेले अक्षर ओळखायचे असते. हीच यादी विनयपिटकातही येते. जगात खेळांची इतकी जुनी आणि इतकी तपशीलवार यादी क्वचितच असेल.

या यादीवरून दोन चुकीच्या समजुती पसरल्या आहेत आणि आपल्या अभ्यासवर्गांतही त्या ऐकू येतात. 'बुद्धाने बुद्धिबळाला मनाई केली' ही पहिली समजूत. अट्ठपद म्हणजे बुद्धिबळ नव्हे. तो आठ-आठ घरांचा पट होता, त्यावर फासे टाकून सोंगट्या पुढे नेण्याचा खेळ चाले. चतुरंगाने पुढे तो पट उसना घेतला. पतंजलीच्या महाभाष्यात अष्टापद हा शब्द पटासाठीच येतो. चतुरंगाचा निःसंदिग्ध पुरावा इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या आधी सापडत नाही; बाणभट्टाच्या हर्षचरितात अष्टापद आणि चतुरंग यांच्यावर केलेला श्लेष आहे तो सातव्या शतकातला. बुद्धानंतर हे हजार-अकराशे वर्षांनी. दुसरी समजूत अशी की बुद्ध खेळाच्या विरोधात होता. ब्रह्मजाल सुत्त काळजीपूर्वक वाचावे. सामान्य माणूस तथागताची स्तुती करतो ती अशा क्षुल्लक, केवळ शीलापुरत्या गोष्टींवरून करतो, असे तिथे स्वतः बुद्धच म्हणतो. ही शिस्त भिक्षूची आहे. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्त आहे आणि तिथे इशारा आहे तो जुगाराविषयी: जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणाऱ्याला शोक, धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, कोणी मुलगी देत नाही. घरातल्या मुलाबरोबर चिंचोक्यांनी खेळणाऱ्या बापाविषयी तिथे एक अक्षर नाही.

मला या यादीत वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. खेळण्यातला नांगर आणि पाठीवर लिहिलेले अक्षर जिच्यात येते ती यादी राजवाड्यात बसून झालेली नाही. रस्त्याने चालणाऱ्याने, दारोदार भिक्षेला जाणाऱ्याने, अंगणात खेळणारी मुले पाहणाऱ्याने ती केली आहे. वाघाचे किंवा बकरीचे नाव त्या यादीत नाही, म्हणून आपला खेळ बुद्धकालीन आहे असा दावा कोणी करू नये.

दुसरे दार उत्पन्नाचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने जुगार एकाच ठिकाणी चालवायचा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारात घ्यायचे. फासे, जागा आणि पाणी यांचे भाडे वेगळे. खेळ पैशाचा झाला की सत्ता त्याच्या शेजारी येऊन बसते आणि लिखाण सुरू होते. मनुस्मृती या बाबतीत कौटिल्याच्या उलट्या टोकाला आहे. नवव्या अध्यायात राजाने राज्यातून जुगार हद्दपार करावा असे सांगितले आहे. निर्जीव वस्तूंनी खेळले तर ते द्यूत, प्राण्यांच्या झुंजी लावून खेळले तर समाह्वय, अशी व्याख्याही दिली आहे. आणि जुगार खेळणाऱ्यांना शारीरिक शिक्षा सांगणाऱ्या त्याच श्लोकात, एका दमात, द्विजांची चिन्हे धारण करणाऱ्या शूद्रांनाही तीच शिक्षा सांगितली आहे. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. विषय खेळाचा चालला आहे. त्यात जानवे घालणाऱ्या शूद्राचा काय संबंध? संबंध स्मृतिकाराच्या मनात आहे. त्याच्या लेखी दोघेही ठरलेली वाटणी उधळणारे: फाशाच्या जोरावर एका रात्रीत धन या हातातून त्या हातात जाते, आणि चिन्हाच्या जोरावर माणूस या वर्णातून त्या वर्णात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला तेव्हा तो न वाचता जाळला अशी ओरड झाली होती. असे श्लोक वाचले होते, म्हणूनच तो जाळला गेला.

तिसरे दार राजाच्या करमणुकीचे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, एकूण शंभर अध्याय. त्यात राजाच्या क्रीडांना स्वतंत्र स्थान आहे. बुद्धिबळ, फासे, कवड्या सगळे तपशीलाने येते. हे कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आमच्या भागापासून फार दूर नाही. सोमेश्वरानंतर काही दशकांतच त्याच नगरात बसवेश्वरांभोवती शरण जमले आणि चांभाराच्या मुलाशी ब्राह्मणाच्या मुलीचे लग्न लावल्याबद्दल दोन्ही बापांना देहान्त मिळाला, अशी परंपरा सांगते. एका नगराने राजाच्या ग्रंथाचे शंभर अध्याय जपले आणि हरळय्याची गोष्ट वचनांच्या आणि पुराणांच्या आधाराने लोकांना तोंडी सांभाळावी लागली. इतिहासाची साधने कशी जमतात याचे मला वर्गात सांगता येण्याजोगे याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

आता वाघ-बकरी या तीन दारांपाशी नेऊन पाहा. फासा नाही म्हणून दैव नाही. पण लावावा लागत नाही म्हणून सत्तेला त्यातून शेकडा पाच मिळण्याची आशा नाही, आणि भिक्षूला वा स्मृतिकाराला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. खेळाला हत्ती-घोडे लागत नाहीत म्हणून राजाला त्यात आपले प्रतिबिंब दिसत नाही. ज्या खेळाने कोणाचे नुकसान केले नाही आणि कोणाची तिजोरी भरली नाही तो लिखाणाबाहेर राहणे अगदी स्वाभाविक होते. 'इतिहास नाही' याचा अर्थ एवढाच.

लिखाण नाही, पण दगड आहेत. हंपीच्या मंदिरांच्या फरशांवर खेळांचे पट कोरलेले आहेत. आपल्याकडेही जुन्या देवळांच्या ओट्यांवर, घाटवाटांवर, पडक्या धर्मशाळांच्या पायऱ्यांवर अशा रेषा दिसतात. काही ठिकाणी खळग्यांच्या दोन रांगा असतात, तो वेगळा खेळ. उत्साही मंडळी अशा रेषेकडे बोट दाखवून 'हा दोन हजार वर्षांपूर्वीचा पट' असे सांगतात. लेणे दोन हजार वर्षांपूर्वीचे असेल. त्यावरची रेषा गेल्या शतकातल्या गुराख्याने पावसाच्या दिवसांत आडोशाला बसून कोरलेली असू शकते. दगडात कोरलेल्या पटाला लेख नसतो, थर नसतो, कोरणाऱ्याचे नाव नसते. त्यावरून काळ ठरवता येत नाही. पण एक गोष्ट ठरवता येते, आणि ती आपल्या दृष्टीने काळापेक्षा महत्त्वाची आहे: तो दगड कुठे आहे.

देवळाच्या मंडपातल्या फरशीवर पट असेल तर तिथे कोण बसत असे आणि कोण बसू शकत नव्हते, हे सांगायला पुरातत्त्व लागत नाही. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० ते १९३५ पर्यंत सत्याग्रह चालवावा लागला. आत शिरण्याचाच प्रश्न होता, आत बसून खेळण्याचा तर विचारही नव्हता. गावच्या चावडीचेही तेच. वेसकराने चावडी झाडायची, वेस राखायची, टपाल पोचवायचे, शिवेचा वाद निघाला की शीव दाखवायची. सरकारी साऱ्याची रक्कम तालुक्याला नेण्याइतका तो विश्वासाचा माणूस होता. चावडीच्या ओट्यावर बूड टेकण्याइतका नव्हता. माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर चावडीवर जात. ओट्यावर पट कोरलेला होता आणि त्यावर पाटलाकडची माणसे खेळत. आबा खाली उभे राहून पाहत. घरी आल्यावर आपल्या झोपडीपुढे तोच पट काडीने आखीत. ते सांगत की ओट्यावरच्या पटात एक तिरपी रेषा चुकलेली होती आणि खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षे ते कळले नव्हते, कारण ते पटावरच बसत. त्यांना ते खालून, लांबून दिसले. हे खरे की आबांची गंमत, मला ठाऊक नाही. पण आमच्या वस्तीतला पट बरोबर होता.

कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८चा. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक मांडले ते १९२८ साली. म्हणजे तीस वर्षे गेली. वतन गेल्यावर चावडीवरची सक्तीची हजेरी गेली आणि आबा बिगारी कामाला बाहेर पडले. खेळ त्यांच्याबरोबर गेला. तळ्याच्या बांधावर, रस्त्याच्या खडीवर, दुपारच्या सुट्टीत खडीचेच वाघ आणि खडीच्याच बकऱ्या. आजोळी असलेल्या त्रिकोणी पटाची गोष्ट वेगळी. तो बायकांचा होता, शेतात भाकरी खाऊन झाल्यावर आंब्याखाली आखायचा. आमच्या घरी मात्र तो बाप-लेकांचा आणि पुढे नाती-नातवांचा खेळ झाला. नियम असा की लहान मुलाला आधी वाघ द्यायचे. वाघ खेळायला सोपा, पोराला लगेच गोडी लागते. चार-सहा महिने जिंकून झाले की बाजू बदलायची. मग रडारड. मला आबांनी बकऱ्या दिल्या तेव्हा मी दर खेळीला किती मेल्या, किती उरल्या हे मोजत बसे. आबा म्हणत, "बकऱ्या मोजू नको रे, घरं मोज."

इंग्रजी अमदानीत या खेळांची नोंद झाली ती तुटक झाली. संयुक्त प्रांतातील कर्वी भागात चालणाऱ्या पटांविषयी हंफ्रीज नावाच्या अधिकाऱ्याने १९०६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. श्रीलंकेत पाटबंधारे खात्यात काम केलेले हेन्री पार्कर यांनी १९०९च्या आपल्या ग्रंथात तिथले वाघांचे खेळ दिले. हेमचंद्र दासगुप्त हे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी १९२०च्या दशकात बंगाल आणि इतर प्रांतांतले बैठे खेळ गोळा केले. दगड पाहायला गेलेल्या माणसाला दगडावरच्या रेषा दिसल्या, हे मला फार आवडते. या सगळ्यांवर आधारून एच. जे. आर. मरे यांनी १९५२ साली बुद्धिबळाव्यतिरिक्त पटांचा इतिहास लिहिला. याच मरे यांनी १९१३ साली एकट्या बुद्धिबळावर नऊशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. उरलेल्या जगाच्या सगळ्या खेळांना मिळून त्यापेक्षा बरीच कमी पाने लागली. त्यांच्या वर्गीकरणात बुद्धिबळ युद्धाच्या खेळांत येते आणि वाघ-बकरी शिकारीच्या खेळांत. शिकार कोणाची, हे वर्गाचे नाव सांगत नाही. वाघ बकऱ्यांची शिकार करतो हे दिसतेच. पण अनेकांनी मिळून थोड्यांना कोंडायचे, हीच या वर्गाची ओळख आहे, आणि त्या अर्थाने शिकारी बकऱ्याच आहेत.

इथे मला आपल्या कार्यकर्त्या मित्रांशी थोडे भांडायचे आहे. हा खेळ आपल्या सभांत दृष्टान्त म्हणून येतो. वक्ता सांगतो, वाघ चार आहेत, बकऱ्या वीस आहेत. बकऱ्यांनी एकजूट केली की वाघाची बोलती बंद. टाळ्या पडतात. हा वक्ता खेळ खेळलेला नसतो. बकऱ्या पहिल्यापासूनच वीस आहेत, त्यांच्यात फूट कधी नव्हतीच. सगळ्या एकाच हाताने ठेवल्या जातात. तरीही नवशिका खेळणारा हमखास हरतो. कारण तो बकऱ्या एकीकडे गर्दी करून ठेवतो, आणि गर्दीच्या कडेला रिकामे घर राहिले की वाघ तिथेच उडी घेतो. जाणता खेळणारा आधी पटाच्या कडा भरतो. कडेवरच्या बकरीला फक्त कडेच्याच रेषेवरून खाता येते, कारण बाकीच्या रेषांवर तिच्या पलीकडे घरच नसते. कोपऱ्यातल्या बकरीला तर खाताच येत नाही. मधली आठ वाटांची घरे मोहात पाडतात, आणि तिथे लवकर शिरणारी बकरी लवकर मरते. शिवाय ठेवलेली बकरी शेवटची बकरी येईपर्यंत हलत नाही, म्हणजे पहिल्या खेळीची चूक विसाव्या खेळीपर्यंत दुरुस्त होत नाही. वाघवाल्याला यातले काही पाहावे लागत नाही. त्याने एका चुकीची वाट पाहिली तरी पुरते.

आणखी एक गोष्ट. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी चार वाघ-वीस बकऱ्यांचा हा खेळ संगणकावर संपूर्ण तपासला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात निष्कर्ष मांडला: दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर कोणीच जिंकत नाही, बरोबरी होते. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला आनंद झाला. वाघाची ताकद आणि बकऱ्यांची संख्या यांचे पारडे अज्ञात माणसांनी, कागदाशिवाय, गणिताच्या पदवीशिवाय, पिढ्यान्पिढ्या खेळून खेळून इतके नेमके तोलले आहे. पाच बकऱ्यांची अट कोणी घातली, ठेवलेली बकरी हलू नये असे कोणी ठरवले, कोणाचे नाव माहीत नाही. पण हे नियम जुळवायला किती डोकी झिजली असतील याचा अंदाज आता करता येतो. सभेतल्या दृष्टान्तापेक्षा हे मला मोठे वाटते. आपल्या माणसांना बुद्धी नव्हती, केवळ श्रम होते, या समजुतीला उत्तर द्यायचे तर ते अशा पुराव्यांनी द्यावे.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांत 'भारतीय ज्ञानपरंपरा' हा विषय आला आहे. त्यात पारंपरिक खेळांनाही जागा मिळते आहे. वाघ-बकरीचा पट कापडावर छापून, सुंदर खोक्यात, लाकडी वाघांसह दुकानात मिळतो. मोबाईलवरही खेळता येतो. घरातल्या मुलांनी तो खेळावा, यात वाईट काही नाही. मीही माझ्या मुलीसाठी असे एक खोके आणले. पण खोक्यावर त्याच्या प्राचीनतेविषयी जे छापलेले असते ते वाचून हसू येते. ऋग्वेदातले जुगाऱ्याचे सूक्त, महाभारतातली द्यूतसभा आणि वाघ-बकरी एकाच दोरीत ओवलेली असतात. फाशाचा आणि बिनफाशाचा खेळ यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने परंपरा सांगू नये. उद्या हाच मजकूर पाठ्यपुस्तकात येईल, आणि आमच्या वस्तीतल्या मुलाला त्याच्या आजीचा खेळ ऋषींनी दिला असे शिकवले जाईल. परीक्षेत तो तसे लिहील आणि त्याला गुण मिळतील.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी जाताना काम दिले आहे. पट दिसला की त्याचा छाप कागदावर घ्यायचा. दगड वेशीच्या आत आहे की बाहेर, हे लिहायचे. देवळात असेल तर कोणत्या पायरीवर. कोण खेळत, कोण पाहत उभे राहत, बायका खेळत का, खेळत तर कोणत्या वेळी. खड्यांना काय म्हणत. वाघ आधी कोणाला देत. किती बकऱ्या मेल्या म्हणजे डाव संपे. हे प्रश्न पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांना आधी विचारायचे. गावोगाव चावड्या पाडून ग्रामपंचायतीच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, देवळांच्या जीर्णोद्धारात जुन्या फरशा उखडून गुळगुळीत लाद्या बसल्या आहेत; आमच्या गावच्या चावडीचा तो ओटाही आता नाही. त्याचा दगड कुठे गेला याची चौकशी केली तेव्हा एकाने सांगितले की नाल्यावरच्या पुलाच्या भरावात गेला. आबांनी सांगितलेली ती चुकलेली तिरपी रेषा तपासायची राहून गेली.

एका विद्यार्थिनीने मागच्या सुट्टीत तिच्या आजीकडून त्रिकोणी पट उतरवून आणला. त्यात बकऱ्या पंधरा नाहीत, सोळा आहेत. आजीला कारण विचारले तर ती म्हणाली, एक पाडस आहे, ते धरायचं नाही. हे 'धरायचं नाही' म्हणजे मोजायचे नाही की खायचे नाही, हे मुलीने विचारले नव्हते. येत्या दिवाळीत ती पुन्हा जाणार आहे.